वाहन परवान्याचे वर्ग आणि ओढण्याच्या वजनाची मर्यादा (गोवा)

वाहन परवाना म्हणजे अमुक जातीचे वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याची सरकारने माणसाला दिलेली मुभा. त्या वाहनाने किती ओझे वाहावे किंवा ओढावे, याचा उल्लेख मात्र परवान्यावर नसतो. तो वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे सगळे ज्याला ‘आरसी’ म्हणतात त्यात, आणि कंपनीच्या माहितीपुस्तकात असतो. भारतात माणसाचा कागद वेगळा आणि गाडीचा वेगळा, तर युरोपात वजनाची बरीच बंधने परवान्याच्या वर्गातच घातलेली असतात. गोव्यात या दोन्ही पद्धतींत वाढलेली माणसे एकाच रस्त्यावर येतात: बेळगावहून अनमोड घाटाने भाजी आणणारा पिकअपवाला, कळंगुटला भाड्याची स्कूटर घेणारा परदेशी पाहुणा आणि इंग्लंडातल्या स्विंडनहून सुट्टीवर आलेला गोवेकर. गैरसमजही बहुतेक याच फरकातून होतात.

परवान्याचे वर्ग

सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. परवान्याचे वर्ग त्याच्या १० व्या कलमात दिले आहेत: बिनगिअरची मोटरसायकल, गिअरची मोटरसायकल, दिव्यांग व्यक्तीसाठी बदल केलेले वाहन, हलके मोटार वाहन, परिवहन वाहन (धंद्यासाठी माल किंवा प्रवासी नेणारे), रोड रोलर आणि विशिष्ट वर्णनाचे वाहन. मध्यम माल, जड माल, मध्यम प्रवासी आणि जड प्रवासी असे चार वेगळे वर्ग पूर्वी होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते ‘परिवहन वाहन’ या एकाच वर्गात आणले. जुने चालक आजही ‘माझं हेवी लायसन आहे’ म्हणतात, ती भाषा त्या आधीच्या काळातली.

वयाची सर्वसाधारण अट १८ वर्षांची, परिवहन वाहनासाठी २० ची. ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलसाठी १६ व्या वर्षी परवाना मिळू शकतो, पण तसल्या गाड्या आता बाजारात जवळजवळ उरल्याच नाहीत. बारावीच्या मुलाच्या हाती शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटर देणाऱ्या पालकाला या सवलतीचा काडीचाही आधार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पालक किंवा वाहनमालक यांना २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना काढण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो.

गोव्यात हे काम राज्याचे वाहतूक खाते पाहते. गाडीच्या पाटीवरचा जीए ०१ हा आकडा पणजीचा, ०२ मडगावचा, ०३ म्हापशाचा, ०४ डिचोलीचा, ०५ फोंड्याचा आणि ०६ वास्कोचा. परवान्याला मात्र तालुक्याची वेस नसते. म्हापशात काढलेला परवाना काणकोणात चालतो, तसा काश्मीरतही.

गोव्याची खास गोष्ट म्हणजे ‘पायलट’, म्हणजेच मोटरसायकल टॅक्सी. पायलटची दुचाकी भाड्याने प्रवासी नेते म्हणून ती परिवहन वाहन ठरते, पाटी पिवळी असते आणि चालकाला बॅज घ्यावा लागतो. पर्यटक स्वतः चालवायला घेतात त्या भाड्याच्या दुचाकींना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. हा धंदा १९९७ च्या केंद्रीय योजनेखाली चालतो आणि भाड्याच्या मोटारींचा १९८९ च्या योजनेखाली. काळी पाटी असली म्हणजे परवान्याचा वर्ग कुणी विचारणार नाही, असे पुष्कळ पाहुण्यांना वाटते. ते चूक आहे. ज्याच्याकडे फक्त मोटारीचा परवाना आहे, त्याला स्कूटर चालवण्याचा अधिकार नाही, मग ती स्वतःची असो की भाड्याची.

साडेसात टनांची रेघ

वजन परवान्याच्या वर्गाला भिडते ते एकाच ठिकाणी, ७५०० किलोंवर. कलम २(२१) नुसार, ज्या परिवहन वाहनाचे किंवा बसचे एकूण वजन ७५०० किलोंपेक्षा जास्त नाही, किंवा ज्या मोटारीचे, ट्रॅक्टरचे अथवा रोड रोलरचे रिकामे वजन त्यापेक्षा जास्त नाही, ते हलके मोटार वाहन. यातला बारकावा डोळ्यांआड होऊ देऊ नये. मालवाहू गाडीसाठी भरलेल्या गाडीचे मंजूर वजन मोजायचे, तर मोटार आणि ट्रॅक्टरसाठी रिकाम्या गाडीचे. एकूण वजन ७४९० किलो असलेले छोटे ट्रक बाजारात मिळतात. हा आकडा योगायोगाने आलेला नाही, ते रेघेच्या अलीकडे राहावेत म्हणूनच तसे घडवलेले आहेत.

हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने भाड्याचा पिकअप चालवला तर वेगळी नोंद लागते का, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालला. अपघात झाला की विमा कंपन्या ‘चालकाकडे परिवहन परवाना नव्हता’ म्हणून हात वर करत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगण खटल्यात वेगळ्या नोंदीची गरज नाही असे ठरवले. त्यावर पुन्हा शंका घेतली गेली आणि प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी खटल्यात घटनापीठाने तोच निर्णय कायम केला: हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोंच्या आतले परिवहन वाहन चालवता येते. धोकादायक माल, ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांच्या जादा अटी मात्र तशाच आहेत. टेंपो चालवून घर चालवणाऱ्यांसाठी आणि अपघातात माणूस गमावलेल्या कुटुंबांसाठी या निकालाचे मोल फार मोठे आहे. आपल्याकडे त्याची हवी तेवढी चर्चा झाली नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आरसीतले दोन आकडे

आरसीवर रिकामे वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडीत काय काय घालता येईल ते कळते, आणि त्यात चालक नि मदतनीसही आले.

उदाहरण चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे घेऊ, कारण गोव्यात घर म्हटले की चिरा आलाच. समजा पिकअपचे रिकामे वजन १६५० किलो आणि एकूण मंजूर वजन २९५० किलो आहे. उरतात १३०० किलो. पुढे दोन माणसे बसली, त्यांचे १४० किलो. राहिले ११६०. एक चिरा साधारण ३० किलोंचा धरला, तर ३८ चिऱ्यांवर हिशेब संपतो. खाणीवर गाडी लागली की कामगार हातोहात चिरे रचतात, एक थर, दुसरा थर, आणि ‘पन्नास करून टाक, परत खेप कशाला’ असे कुणीतरी म्हणतेच. ५० चिरे म्हणजे १५०० किलो, मर्यादेपेक्षा ३४० किलो जास्त. पावसात भिजलेला चिरा पाणी पितो, म्हणजे जूनमधले पन्नास मेमधल्या पन्नासांपेक्षा जड. मागचे पाटे (स्प्रिंगा) सपाट होतात, पुढची चाके हलकी पडतात आणि सुकाणू हातात सैल लागते. ब्रेक दाबला की गाडी थांबायला जो पल्ला घेते तो चालकाच्या सवयीतला नसतो.

जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड ठेवला आहे. शिवाय जादा माल उतरवून घेता येतो. संशय आल्यास अधिकारी गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगू शकतो, मात्र काटा पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या किंवा पोचण्याच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असायला हवा.

मोठ्या ट्रकांच्या मर्यादा केंद्राने १६ जुलै २०१८ रोजी वाढवल्या. दोन आसांच्या (ॲक्सलच्या) ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेले आणि जोडवाहनाची, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या ट्रकची, कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर. वाढ झाली ती आसावरच्या भाराची. जुन्या गाडीच्या आरसीत जो आकडा आहे, तो नव्याने मंजूर करून घेतल्याशिवाय बदलत नाही.

ट्रेलर आणि ओढणे

कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, क्रमांक वेगळा, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही शेवटच्या ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. ज्याचा काही भार ओढणाऱ्या गाडीवरच टेकलेला असतो तो सेमी-ट्रेलर. वास्कोच्या बंदराकडे कंटेनर घेऊन जाणाऱ्या लांब गाड्या त्या जातीच्या.

ट्रेलर ओढण्यासाठी मात्र १० व्या कलमात वेगळा वर्ग नाही. याचा कस लागला तो ट्रॅक्टरच्या खटल्यात. ट्रॅक्टरचा वैध परवाना आहे, पण मागे ट्रेलर जोडला म्हणून तो परवाना निरुपयोगी ठरतो का? २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. पण याचा अर्थ वाटेल तेवढे ओढावे असा होत नाही. किती ओढावे ते गाडी बनवणाऱ्याने ठरवलेले असते. माहितीपुस्तकात ओढण्याचा आकडा दिलेलाच नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठी बनवलेली नाही असेच धरावे. गॅरेजात मागे ट्रेलर जोडायचा हुक लावून घेतल्याने गाडीचा ब्रेक, क्लच वा चौकट बदलत नाही.

गोव्यात छोटे ट्रेलर दिसतात ते मुख्यतः किनाऱ्यावर. बागा, कळंगुट, कोलव्याला जलक्रीडेच्या बोटी ट्रॅक्टर किंवा जीपमागे जोडून पाण्यापर्यंत नेतात. मच्छीमारही दुरुस्तीला न्यायची होडी ट्रेलरवर घालतात. ‘होडी हलकी आहे’ असे म्हणताना मोजली जाते ती फक्त होडी. समजा होडी ४५० किलोंची. इंजिन ६०, जाळी आणि दोर १५०, ट्रेलर स्वतः २५०. झाले ९१० किलो, आणि ओल्या जाळ्याचे पाणी अजून धरलेलेच नाही. युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असणे सक्तीचे आहे. त्यामागचे कारण गोव्याच्या उतारांनाही तितकेच लागू पडते. बिनब्रेकचा ट्रेलर थांबवण्याचे सगळे काम पुढच्या गाडीलाच करावे लागते. उतारावर तो मागून ढकलतो आणि वळणावर ब्रेक लागला तर गाडी नि ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात.

भार कुठे ठेवला आहे, हेही वजनाइतकेच महत्त्वाचे. सगळे ओझे ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेले की जोडणीचा हुक वर उचलला जातो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हुकावर असावा, अशी इंग्लंडात प्रचलित शिफारस आहे. होडीचे इंजिन मागे असते, म्हणून होडी ट्रेलरवर थोडी पुढे सरकवून बांधायची.

बंद पडलेली गाडी ओढणे हा निराळा प्रकार. ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पंपापर्यंत ओढून नेता येते. ओढल्या जाणाऱ्या गाडीत तो वर्ग चालवण्याचा परवाना असलेला माणूस सुकाणूवर हवा, नाहीतर तिची पुढची चाके क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, दोर इतरांना स्पष्ट दिसावा आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहावा. इंजिन बंद असलेल्या गाडीत पॉवर ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा कडक होतो. मागे सुकाणूवर जाणता माणूस लागतो तो यासाठीच. शेजारचा पोरगा बसवून भागत नाही.

परदेशी परवाने

१९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यात ‘ए’ म्हणजे मोटरसायकल. ‘बी’ म्हणजे ३५०० किलोंपर्यंतची मोटार, आणि तिच्यामागे हलका ट्रेलर चालतो. जड ट्रेलरसाठी ‘ई’. फक्त ‘बी’वर शिक्का असलेल्या पाहुण्याने स्कूटर घेतली, तर त्याच्याजवळचा कागद त्या स्कूटरपुरता कोराच असतो.

युरोपीय संघात ‘बी’ परवान्यावर ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड ट्रेलर असेल तर गाडी नि ट्रेलर मिळून ३५०० किलोंच्या आत राहावे लागते. ही बेरीज ४२५० किलोंपर्यंत नेण्यासाठी वेगळी नोंद आणि त्याही पुढे ‘बीई’ वर्ग लागतो. ब्रिटनने १६ डिसेंबर २०२१ पासून मोटारीच्या परवान्यावरच ३५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा दिली. स्विंडनला स्थायिक झालेल्या गोवेकराला भारतीय परवाना तिथे १२ महिनेच वापरता येतो. नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते.

पूल आणि घाट

परवाना बरोबर, आरसी बरोबर, तरी गाडी अडू शकते, कारण पुलाची मर्यादा या दोन्हींपेक्षा वेगळी असते. १९८३ मध्ये खुला झालेल्या जुन्या जुवारी पुलावर अवजड वाहनांना वर्षानुवर्षे बंदी होती. उत्तरेतून मडगावला जाणारे ट्रक बोरीच्या पुलाने वळसा घेत. २०२२ च्या डिसेंबरअखेर नव्या जुवारी पुलाच्या पहिल्या मार्गिका सुरू झाल्या आणि हा वळसा टळला. घाटात मात्र तसा नवा पूल कामाला येत नाही. चोर्ला किंवा अनमोड उतरताना जड गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी लागते. सतत ब्रेक दाबत आलेल्या गाडीची चाके पायथ्याशी पोचेपर्यंत जळका वास सोडतात, आणि तो वास येऊ लागला की ब्रेकची पकड आधीच सुटू लागलेली असते.