वॉकरमुळे बाळ लवकर चालतं का?

वॉकरमध्ये बसवलं की बाळ लवकर चालायला लागतं, असं वर्षानुवर्षं मायेनं सांगितलं जातं. तसं होत नाही. चालायला तोल लागतो आणि वॉकरमध्ये बाळाला तो सांभाळावाच लागत नाही. वजन सीटवर असतं, बाळ फक्त चवड्यांनी जमीन रेटतं. त्याच्या टाचा टेकतात का, घरीच नीट पाहा. मग जमिनीवर सोडा. दिवाण धरून उठणं, धपकन बसणं, परत उठणं हाच खरा सराव, तोही बिनखर्चाचा. वॉकर क्षणात जिन्यापाशी पोहोचतो. कॅनडानं 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. जुना पांगुळगाडा वेगळा, तो धरून बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहतं. लक्ष मात्र हवंच. बहुतेक मुलं 18 महिन्यांपर्यंत चालू लागतात. नाहीच चाललं तर डॉक्टरांना दाखवा.