फॉन्टची फाइल डिरेक्टरीत टाकली की काम झाले का?

‘फॉन्टची फाइल डिरेक्टरीत टाका, संगणक पुन्हा सुरू करा, फॉन्ट दिसू लागेल’ हा सल्ला फार वर्षांपासून फिरतो आहे. लिनक्स-युनिक्ससारख्या संगणकांवर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टीमच्या मूळ फॉन्ट-व्यवस्थेपुरता तरी तो खरा नाही. तिथे सर्व्हर (पडदा सांभाळणारा एक्सचा मुख्य प्रोग्राम) डिरेक्टरी धुंडाळत बसत नाही, तो ‘फॉन्ट्स.डिर’ ही साधी मजकूर-फाइल वाचतो, जिच्या पहिल्या ओळीत नोंदींची संख्या आणि पुढच्या प्रत्येक ओळीत फाइलीचे व फॉन्टचे नाव असते. नोंदच नसेल, तर संगणक कितीदाही सुरू केला तरी सर्व्हरच्या लेखी तो फॉन्ट नाहीच.

ही सूची ‘एमकेफॉन्टडिर’ ही आज्ञा तयार करते; मात्र आकार बदलता येणाऱ्या फॉन्टसाठी आधी ‘एमकेफॉन्टस्केल’ चालवावी लागते, आणि नेमकी हीच पायरी बहुधा सुटते. मग ‘एक्ससेट एफपी रीहॅश’ दिल्यावर सर्व्हर सूची नव्याने वाचतो. पडताळा घ्यायचा तर सर्व्हरला माहीत असलेले फॉन्ट दाखवणाऱ्या ‘एक्सएलएसफॉन्ट्स’ या आज्ञेची यादी सूची बनवण्याआधी आणि नंतर पाहावी (डिरेक्टरी फॉन्ट-पाथमध्ये, म्हणजे सर्व्हर ज्या डिरेक्टऱ्यांत फॉन्ट बघतो त्यांच्या यादीत हवी, हे ओघाने आलेच).

हा समज रुजण्यालाही कारण आहे: आजचे बहुतेक प्रोग्राम फॉन्टकॉन्फिग या फॉन्ट शोधणाऱ्या वेगळ्या व्यवस्थेवर चालतात, आणि ती ठरलेल्या डिरेक्टऱ्यांतले नवे फॉन्ट स्वतःच शोधून काढत असल्यामुळे तिथे हा सल्ला खपून जातो.