एव्हरेस्टचं परमिट: अर्ज, कागद आणि अर्जात नसलेला रकाना

पन्हाळा धावत चढणारी, पन्हाळा-पावनखिंड दरवर्षी न चुकता करणारी पोरं आपल्या कोल्हापुरात कमी नाहीत. त्यातलंच कुणीतरी मग विचारतं, "एव्हरेस्टचा फॉर्म कुठं मिळतो?"

इथं मिळत नाही आणि दिल्लीतही नाही. नेपाळच्या बाजूनं चढायचं तर परमिट काठमांडूचा पर्यटन विभाग देतो. तुमच्या वतीनं अर्ज करते तिथली नोंदणीकृत एजन्सी.

एजन्सीला द्यायचे कागद फार नाहीत. पासपोर्टची प्रत, फोटो, आधीच्या चढायांची माहिती, अलीकडचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि विमा. नेपाळमध्ये फिरायला मतदार ओळखपत्र चालतं, पण मोहिमेसाठी पासपोर्ट काढून ठेवाच. त्यासाठी आता पुणे गाठावं लागत नाही, कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट केंद्र आहे.

आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून फी कमी असेल, हा गैरसमज. सप्टेंबर २०२५ पासून वसंत ऋतूतली रॉयल्टी, म्हणजे परमिटची सरकारी फी, माणशी ११,००० डॉलरवरून १५,००० झाली, म्हणजे तेरा लाखांच्या पुढं. शरदात ७,५०० आणि हिवाळ्यात ३,७५०. शेर्पा, ऑक्सिजन, तंबू, जेवण यांचा खर्च वेगळा. परमिटची मुदत ७५ दिवसांवरून ५५ वर आली आहे, आणि ८,००० मीटरवरच्या शिखरांसाठी दोघांमागे एक गाइड सक्तीचा.

नेपाळमधलं ७,००० मीटरचं शिखर आधी केलेलं असावं, अशी अट आणण्याच्या हालचाली तिथं चालू आहेत. त्यामुळं ताजा नियम एजन्सीकडून लेखी घ्या. अट येवो न येवो, माझ्या मते ती स्वतःला लावूनच घ्यावी. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स, त्यात 'ए' ग्रेड मिळाली तर अॅडव्हान्स, मग ६,००० आणि ७,००० मीटरची शिखरं. यात काही वर्षं जातात, जाऊ देत.

कारण वैद्यकीय प्रमाणपत्र कोल्हापुरात, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवरच्या दवाखान्यात मिळतं. शिखर ८,८४८.८६ मीटरवर आहे, तिथं श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन इथल्या जेमतेम एक तृतीयांश. तिथं आपलं शरीर कसं वागेल हे डॉक्टर सांगू शकत नाही. थोडाफार अंदाज आधीच्या चढायाच देतात.

परत फिरण्याचा रकाना अर्जात नसतो. म्हणून पैसे भरण्याआधी एजन्सीला विचारा: समिटच्या, म्हणजे शिखर गाठायच्या दिवशी परत फिरायची वेळ कोणती? ती कोण ठरवणार? शेर्पा "बस" म्हणाला तर त्याचा शब्द शेवटचा मानणार का? माणशी सिलिंडर किती? उत्तरं करारात लिहून घ्या. वर डोकं नीट चालत नाही, आणि भरलेले तेरा लाख कानात बोलत असतात. अर्ध्यातून परतलात म्हणून रॉयल्टी परत मिळत नाही.

विम्यात बघायचं ते हेलिकॉप्टर किती उंचीपर्यंत येईल आणि मृतदेह खाली आणायचा खर्च धरलाय का. हे कलम घरी आईवडिलांसमोर मोठ्यानं वाचा. नुसती सही घेऊ नका.

आपल्या कोल्हापूरची गिर्यारोहक कस्तुरी सावेकर, तिचं उदाहरण जवळचंच. २०२१ मध्ये हवामान बिघडलं आणि ती शिखर न गाठता खाली आली. १४ मे २०२२ ला ती वर उभी होती.