वार्धक्य, लोकसंख्येचे

एखाद्या प्रदेशाच्या लोकसंख्येत वृद्धांचा हिस्सा वाढत जाण्याची प्रक्रिया. माणसाचे वय एकाच दिशेने जाते. लोकसंख्या मात्र जन्म वाढल्यास पुन्हा तरुण होऊ शकते. वृद्धत्वाची सीमा भारतात ६० वर्षे धरतात, आंतरराष्ट्रीय तुलनेत बहुधा ६५. म्हणून जपानमधील सुमारे २९ टक्के आणि २०११ च्या जनगणनेतील भारताचे ८.६ टक्के हे आकडे शेजारीशेजारी मांडता येत नाहीत.

आयुर्मान वाढले म्हणून वृद्ध वाढले, हा रूढ समज. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापासून लोकसंख्याशास्त्रज्ञांचा कल जननदरातील घट हे मुख्य कारण मानण्याकडे आहे. मृत्युदर प्रथम घटला तो प्रामुख्याने बालकांचा, त्यामुळे आरंभी वयोरचनेचा पाया, म्हणजे बालकांचा हिस्सा, रुंदच झाला. हे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र उतारवयातील मृत्यूच लांबलेल्या जपानला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. पासष्टी ओलांडलेल्यांचा हिस्सा ७ वरून १४ टक्क्यांवर जाण्यास फ्रान्सला साधारणपणे ११५ वर्षे लागली, जपानला २४ (१९७०–९४). सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत तो अद्याप ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांत स्थलांतर हे तिसरे कारण ठळक ठरते. जावळी-पाटणकडील पुरुष मुंबईत गिरण्यांत व माथाडी कामावर गेले. खानापूर-आटपाडीकडील गलाई (सोने-चांदी गाळण्याचा) व्यवसाय करणारे देशभर पसरले. २००१–११ या दशकात राज्याची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली, साताऱ्याची ६.९३ आणि सांगलीची ९.२४ टक्क्यांनी. दर हजार पुरुषांमागे साताऱ्यात ९८८ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. घटत्या जननदराचा वाटा येथेही आहेच. तथापि डोंगरी गावांतील वृद्धांचे प्रमाण केवळ त्यावरून उलगडत नाही, कारण तेथे वृद्ध वाढण्याइतकेच तरुण निघून जाणेही महत्त्वाचे आहे.

जुन्या जनगणनांशी तुलना जपून करावी लागते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला व त्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यात पूर्वीच्या संस्थानांचा मुलूखही आला. शिवाय जन्मतारीख ठाऊक नसलेले वृद्ध पत्री सरकार (१९४० च्या दशकातील साताऱ्याचे प्रतिसरकार), कोयनेचा भूकंप (१९६७) किंवा १९७२ चा दुष्काळ यांवरून वय सांगतात आणि प्रगणक ते ६०, ६५, ७० अशा गोल आकड्यांत लिहितो. परिणामी ५९ व ६१ या वयांची माणसे कमी भरतात आणि साठीचा आकडा फुगतो. वृद्धत्वाची सीमाही नेमकी तेथेच असल्याने हा दोष किरकोळ मानता येत नाही.