हरवल्याची नोंद की अपहरणाचा गुन्हा?

घरातलं स्वमग्न मूल, बौद्धिक दिव्यांग तरुण किंवा स्मृतिभ्रंश झालेली आजी अचानक दिसेनाशी झाली की घरचे पोलीस स्थानकात धाव घेतात आणि बाहेर येऊन सांगतात, ‘‘कम्प्लेंट दिली.’’ ही कम्प्लेंट म्हणजे नेमका कोणता कागद, हे बहुतेकांनी विचारलेलं नसतं. तिथे दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक हरवल्याची नोंद, जिला सगळे ‘मिसिंग’ म्हणतात. दुसरी अपहरणाचा एफआयआर. दोन्हींत फोटो घेतला जातो, वर्णन लिहिलं जातं, बिनतारी संदेश जातो, म्हणून वरवर पाहता त्या सारख्याच वाटतात.

मिसिंगच्या नोंदीत गुन्हा घडल्याचं कोणी म्हटलेलं नसतं. अमुक माणूस अमुक वेळेपासून सापडत नाही एवढंच डायरीत चढतं आणि हवालदाराकडे किंवा उपनिरीक्षकाकडे चौकशी सोपवली जाते. माहिती सीसीटीएनएस या पोलिसांच्या देशव्यापी संगणक जाळ्यात जाते, आजूबाजूच्या पोलीस स्थानकांना कळवलं जातं, बेवारस मृतदेहांच्या नोंदींशी ताडून पाहिलं जातं. एफआयआर मात्र दखलपात्र गुन्ह्याचाच असतो, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याचा. त्याला कलम लागतं, झडतीचे, जप्तीचे, अटकेचे अधिकार वापरता येतात, प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. तपास बंद करायचा झाला तरी पोलिसांना न्यायालयात अहवाल द्यावा लागतो. आमच्या मते सगळ्यात मोठा फरक हाच आहे. मिसिंगची नोंद गुपचूप थंड पडू शकते, एफआयआर तसा पडू शकत नाही.

हरवलेल्याचं वय अठराच्या आत असेल तर वादाला जागाच नाही. बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा, आणि तपासात वेगळं काही सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरायचं. ‘‘ते नेहमीच असं चालत जातं, येईल संध्याकाळपर्यंत’’ असं आईबापांच्या तोंडून निघालं, तरी त्यामुळे एफआयआर टळत नाही. कलम लागतं ते भारतीय न्याय संहितेचं १३७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत. गोव्यात त्याला गोवा बाल कायदा, २००३ चं कलम ८ जोडलं जातं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जायला हवं. ही तारीख घरच्यांनीच कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

खरी अडचण अठराव्या वाढदिवसापासून सुरू होते. बौद्धिक वय पाच-सहा वर्षांचं असलेला चोवीस वर्षांचा मुलगा कायद्याच्या हिशेबात प्रौढच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधातल्या पॉक्सो कायद्यातलं वय म्हणजे जन्मतारखेचं वय की मानसिक वय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता, आणि जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने जन्मतारखेचंच वय धरलं. तो निकाल वेगळ्या कायद्यावरचा आहे, तरी पोलीस स्थानकात ‘‘तो मनाने लहान आहे हो’’ एवढ्यावर मुलांसाठीचं ते गृहीतक का लागू होत नाही, हे त्यावरून कळतं. प्रौढ हरवला की आधी मिसिंगच लिहिलं जातं, दिव्यांग असला तरी.

पण याच कलम १३७ मध्ये एक दार उघडं आहे, आणि ते फार थोड्या घरांना माहीत असतं. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय कोणी मूल नेलं, तर ते अपहरण. तिथे मुलाच्या जोडीने मनोविकल व्यक्तीचाही उल्लेख आहे, आणि तिला वयाची अट नाही. म्हणजे चोवीस वर्षांच्या बौद्धिक दिव्यांग मुलाला किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला कोणी फूस लावून नेलं, तर अपहरणाचा एफआयआर होऊ शकतो. अट एकच. कोणीतरी नेलं किंवा भुलवलं, असं दाखवणारी गोष्ट तक्रारीत हवी. माणूस आपल्याच पायांनी वाट चुकला असेल तर हा गुन्हा बसत नाही. मुलांच्या बाबतीत जे गृहीत धरलं जातं, ते इथे तुम्हाला मांडावं लागतं.

म्हणून तक्रार तोंडी सांगून मोकळं होऊ नये, अर्ज लिहून न्यावा. असा:

‘‘माझा मुलगा, वय २४ वर्षे, बौद्धिक दिव्यांग (७५ टक्के, स्वावलंबन कार्डाची प्रत सोबत), आज दुपारी सव्वातीनच्या सुमारास वाळपई बाजारातून दिसेनासा झाला आहे. त्याला स्वतःचे नाव व पत्ता सांगता येत नाही. गाड्यांचा अंदाज येत नाही. फिट्सची गोळी रात्री आठ वाजता न दिल्यास जिवाला धोका आहे. कोणी खाऊ दिला की तो त्याच्यामागे जातो. एका दुकानदाराने त्याला अनोळखी माणसाच्या स्कूटरवर बसताना पाहिले आहे. तो माझ्या देखभालीत असून त्याला नेण्यास माझी संमती नव्हती.’’

पहिलं वाक्य वय आणि दिव्यांगत्व कागदोपत्री पक्कं करतं (स्वावलंबन कार्ड म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र). मधली वाक्यं हे साधं घर सोडून जाणं नसून जिवावरचं प्रकरण आहे, हे नोंदवतात. रात्र उलटू न देता शोध सुरू व्हावा, यासाठी त्यांचाच उपयोग होतो. शेवटच्या दोन वाक्यांवर कलम १३७ उभं राहतं. स्कूटरवर बसताना कोणी पाहिलंच नसेल तर ते लिहू नये. खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तपासही भलत्याच वाटेला लागतो. अशा वेळी मिसिंगची नोंद घ्यावी, पण तिथे थांबू नये. दुसऱ्या दिवशी एटीएममधून पैसे निघाल्याचं कळलं, फोन दूरच्या गावात सुरू झाला, जमिनीच्या कुठल्याशा कागदावर अंगठा घेतल्याची कुणकुण लागली, तर पुरवणी अर्ज देऊन एफआयआर मागावा.

‘कायदेशीर पालक’ या शब्दावर अडवणूक होते. मूल अठराचं झालं की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. कलमाच्या स्पष्टीकरणानुसार ज्याच्याकडे कायदेशीररीत्या देखभाल सोपवलेली आहे तोही पालकच, म्हणून आई, भाऊ, वसतिगृह यांची तक्रार घेता येते. तरीही दाखला हातात असलेला बरा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्वाचा दाखला देते. मूल सतरा वर्षांचं असतानाच कागद जमवायला लागावं. स्मृतिभ्रंश या कायद्यात येत नाही. तिथे डॉक्टरांचं निदानपत्र आणि औषधांची चिठ्ठी हाच आधार.

चोवीस तास थांबायला सांगणारा कोणताही कायदा नाही. मुलासाठी नाही, मोठ्यासाठी नाही. हद्दीचं कारणही चालत नाही. पेडण्याचं मूल म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत हरवलं, तरी पेडणे पोलीस स्थानकाला झिरो एफआयआर घेऊन तो म्हापशाला पाठवावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आलं आहे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. मिसिंग असेल तर डायरीतला नोंद क्रमांक आणि चौकशी करणाऱ्याचं नाव लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नये. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घेतलीच नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ११२ या आपत्कालीन क्रमांकाला केलेला फोनही नोंदला जातो, त्यामुळे तक्रार किती वाजता केली यावर पुढे वाद होत नाही.

घरातल्या सगळ्यांनी मिळून पोलीस स्थानकात जाऊ नये. एकाने जावं, बाकीच्यांनी पाण्याकडे धावावं. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याची जाणीव नसते. वाट चुकलेल्या अशा मुलांचा सर्वांत जास्त घात पाण्यात होतो. आपल्याकडे पाणी कुठे नाही? विहीर, तळी, व्हाळ (ओहोळ), मानस (खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार), फेरीबोटीचा धक्का, डिचोली-सत्तरीकडचे पाण्याने भरलेले खाणींचे खंदक. किनाऱ्याजवळ घर असेल तर जीवरक्षकांना लगेच फोटो दाखवावा. स्मृतिभ्रंश झालेली माणसं बहुधा जुन्या घराच्या, जुन्या कामाच्या वाटेला लागतात आणि गडग्याआड, झुडपात अडकून पडतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत. म्हणून आवाजावर विसंबू नये, डोळ्यांनी शोधावं. बाजारातल्या दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच दिवशी लेखी द्यावी आणि पोलिसांच्या अर्जातही त्या दुकानांचा उल्लेख करावा.

माणूस दुसरीकडे कोणाला सापडतो, तेव्हा वेगळाच कायदा कामाला लागतो, आणि इथे स्मृतिभ्रंश व बौद्धिक दिव्यांगत्व यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०० सांगतं: मानसिक आजार असलेली आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना दिसली, तर पोलीस अधिकाऱ्याने तिला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचं नाही. शिवाय त्या बाजूनेही हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर नोंदवून कुटुंबाचा शोध घेणं हे तिथल्या पोलीस निरीक्षकाचं कर्तव्य आहे. म्हणजे इकडे तुम्ही शोधत असताना तिकडून कोणीतरी तुम्हाला शोधत असायला हवं. दोन टोकं जुळावीत म्हणून बांबोळीला मनोविकार संस्थेत आणि गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात), म्हापसा व मडगावच्या जिल्हा इस्पितळांत अनोळखी रुग्णांची चौकशी करावी. पत्रादेवी किंवा दोडामार्गाच्या वाटेला घर असेल तर सिंधुदुर्ग पोलिसांनाही कळवावं, आणि रेल्वेस्थानक जवळ असेल तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर.

या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचं भान बिघडणं येतं, त्यामुळे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण त्यात बसतात. बौद्धिक दिव्यांगत्व मात्र त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेलं आहे. प्रत्यक्षात बसस्थानकावरच्या पोलिसाला हा फरक पाहून कळणार नाही, आणि तो दोघांनाही डॉक्टरकडे नेईल. तपासणीत दाखल करण्याची गरज नाही असं ठरलं की पोलिसांनीच त्या व्यक्तीला तिच्या घरी पोहोचवायचं असतं. पण घर कुठलं हे सांगणार कोण? म्हणून बौद्धिक दिव्यांग माणसाच्या शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवलेला असणं, कडं किंवा लॉकेट असणं, याला पर्याय नाही. खिशातलं कार्ड पडतं, मोबाईल काढून घेतला जातो. शिवलेली चिंधी अंगावर राहते.

मूल सापडलं तर नियम आणखी कडक आहेत. एकटं मूल दिसल्यावर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांना, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला किंवा बाल कल्याण समितीला द्यावी लागते. मायेने घरी नेऊन चार दिवस जेवू घालणाराही न कळवल्यास दोषी ठरू शकतो. सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मूल समितीपुढे आणल्यावर पालकांनी जन्मदाखला, दिव्यांग प्रमाणपत्र आणि एफआयआरची प्रत घेऊन जावं. मूल बोलत नसेल तर तुमचे आणि मुलाचे एकत्र काढलेले जुने फोटो फार कामी येतात.

परत आलेल्याचं कळवायला लोक विसरतात. मिसिंगची नोंद घरच्यांच्या जबाबानंतर बंद होते. न कळवल्यास तोच माणूस महिनोन् महिने हरवलेला म्हणून फिरत राहतो आणि पुढच्या वेळी पोलिसांचा विश्वास उडतो. एफआयआर घरच्यांना मागे घेता येत नाही, तो अहवालानंतर न्यायालयातच संपतो. माणूस परत आला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो काढून टाकायला सांगावं, विशेषतः मुलाचे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. अंगावर मारहाणीच्या खुणा दिसल्या तर आंघोळ घालण्याआधी इस्पितळात न्यावं आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ खाली वेगळी तक्रार करावी, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या नोंदीचा क्रमांक आणि अर्जाची प्रत स्वावलंबन कार्डासोबत एकाच पाकिटात ठेवावी. भटकण्याची सवय एकदा लागली की ती व्यक्ती पुन्हा जाण्याची शक्यता असते, आणि दुसऱ्या अर्जात पहिल्या नोंदीचा क्रमांक घातला की सगळं नव्याने समजावण्यात वेळ जात नाही.