स्टीगॉल, मिल्ट : कॅनेडियन फुटबॉलमधील रिसीव्हरची कारकीर्द

स्टीगॉल, मिल्ट : (२५ जानेवारी १९७०– ). कॅनेडियन फुटबॉल लीगमधील विनिपेग ब्लू बॉम्बर्स या संघाचे ख्यातनाम रिसीव्हर. १९९५ ते २००८ अशी चौदा हंगामांची त्यांची कॅनडातील सर्व कारकीर्द या एकाच संघात गेली. एकूण १४७ टचडाउनचा लीगमधील विक्रम त्यांच्या नावावर असून त्यांपैकी १४४ टचडाउन त्यांनी हवेतून आलेला चेंडू झेलून केले.

रिसीव्हर हा क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. क्रिकेटच्या सवयीमुळे मराठी वाचकाला झेल हा शेवट वाटतो. या खेळात मात्र झेल पूर्ण झाला, की तेथूनच पळायला सुरुवात होते आणि प्रतिस्पर्ध्याने खाली पाडेपर्यंत जितके अंतर कापले जाईल तितके यार्ड खेळाडूच्या खात्यात जमा होतात. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात पोहोचणे म्हणजे टचडाउन, आणि त्याचे सहा गुण.

स्टीगॉल यांची कारकीर्द समजण्यासाठी कॅनेडियन खेळाची रचना ध्यानात घ्यावी लागते, कारण अमेरिकन फुटबॉलशी साम्य असूनही रिसीव्हरच्या दृष्टीने हा खेळ बराच वेगळा आहे. त्यांच्या काळातील मैदान दोन गोलरेषांमध्ये ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद होते, एंड झोन प्रत्येकी २० यार्ड खोल होते आणि प्रत्येक बाजूला बारा खेळाडू असत. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी अमेरिकेत चार संधी मिळतात, कॅनडात तीनच. दोनदा चेंडू घेऊन धावण्यात यश आले नाही, तर तिसऱ्या संधीला बहुधा लाथ मारून चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे सोपवावा लागतो. म्हणून संघ धावण्यापेक्षा फेकीवर अधिक विसंबतात. त्यातच येथे एक मोठी मुभा आहे : चेंडू खेळात येण्यापूर्वीच मागच्या फळीतील खेळाडू पुढे धावू शकतात, फक्त चेंडू सुटण्याच्या क्षणी ते, चेंडू जेथून खेळात येतो त्या रेषेच्या आत असले पाहिजेत. या सुरुवातीच्या धावेला ‘वॅगल’ म्हणतात. स्टीगॉल ज्या स्लॉटबॅक (रेषेच्या मागे, मधली फळी व कडेचा रिसीव्हर यांच्या दरम्यानची) या जागेवर खेळत, तेथून दहाबारा पावले वेग घेऊन आलेला खेळाडू नेमक्या क्षणी रेषा ओलांडतो, तेव्हा त्याच्यासमोरचा बचावपटू अजून उभा किंवा उलट्या पावलांनी मागे सरकत असतो. अर्धे पाऊल आधी निघाले तर दंड आणि अर्धे पाऊल उशीर झाला तर वेग वाया, अशा या कसरतीत स्टीगॉल यांचा हात धरणारे फारच थोडे झाले.

त्यांचा जन्म अमेरिकेतील ओहायओ राज्यात सिनसिनाटी येथे झाला. महाविद्यालयीन खेळ त्यांनी मायामी विद्यापीठाकडून केला. हे विद्यापीठ नावामुळे फ्लोरिडातील वाटले, तरी ते ओहायओतील ऑक्सफर्ड या गावी आहे. १९९२ पासून तीन हंगाम ते नॅशनल फुटबॉल लीगच्या सिनसिनाटी बेंगल्स संघात होते, पण रिसीव्हर म्हणून त्यांना तेथे फारसा वाव मिळाला नाही. पुढे ग्रीन बे पॅकर्स संघाने त्यांना घेतले, तथापि गुडघ्याच्या दुखापतीमुळे तेथेही जम बसला नाही. १९९५ मध्ये ते विनिपेगला आले, त्या वर्षी कॅनेडियन लीगचे काही संघ बाल्टिमोर, मेम्फिस, बर्मिंगहॅम अशा अमेरिकन शहरांतही होते. तो प्रयोग त्याच हंगामानंतर गुंडाळला गेला. मायदेशात संधी हुकलेले अनेक अमेरिकन खेळाडू कॅनडात एकदोन वर्षे काढून परततात. स्टीगॉल राहिले, आणि मॅनिटोबा प्रांतातील त्या कडाक्याच्या थंडीच्या शहराने त्यांना आपले मानले.

त्यांच्या खेळाची जात १९९७ च्या हंगामात उघड झाली. त्या वर्षी त्यांनी केवळ ६१ झेलांत १,६१६ यार्ड आणि १४ टचडाउन मिळवले. दर झेलामागे सरासरी २६.५ यार्ड, म्हणजे एका संधीत दहा यार्ड मिळाले तरी समाधान मानणाऱ्या या खेळात प्रत्येक झेलाला मैदानाचा जवळजवळ चौथा हिस्सा पार होत होता. कारकिर्दीचा सर्वोच्च हंगाम २००२ चा. क्वार्टरबॅक खारी जोन्स यांनी त्या वर्षी ४६ टचडाउन फेकी केल्या; स्टीगॉल यांनी १०६ झेल, १,८६२ यार्ड आणि २३ टचडाउन अशी कामगिरी करून एका हंगामातील टचडाउनचा विक्रम केला आणि लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हा पुरस्कार मिळवला.

त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली खेळी मात्र २० जुलै २००६ रोजी एडमंटनच्या कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये झाली. विनिपेग १९–२२ असे मागे होते, घड्याळात चार सेकंद उरले होते आणि चेंडू त्यांच्याच १० यार्ड रेषेवर होता. समोर शंभर यार्ड मैदान पसरलेले. क्वार्टरबॅक केव्हिन ग्लेन यांनी चेंडू लांबवर फेकला, स्टीगॉल यांनी तो पळता पळता घेतला आणि थेट एंड झोन गाठला. तोवर घड्याळ शून्यावर आले होते, परंतु सुरू झालेली खेळी पूर्ण होऊ दिली जाते. सामना २५–२२ असा विनिपेगने जिंकला. घरच्या स्टेडियमचा जल्लोष पाठीशी नसताना, परक्या प्रेक्षकांसमोर घडलेली ही खेळी कॅनडात नुसती ‘द प्ले’ म्हणून ओळखली जाते.

पुढच्या वर्षी त्यांनी एकूण टचडाउनचा विक्रम मोडला. १३७ टचडाउनचा तो आकडा जॉर्ज रीड आणि माइक प्रिंगल यांच्या नावे होता आणि ते दोघेही रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन धावणारे खेळाडू होते. गोलरेषा दोनचार यार्डांवर आली, की चेंडू सहसा रनिंग बॅकच्याच हाती दिला जातो. त्यामुळे टचडाउनच्या मोजणीत त्याचे पारडे आपोआप जड असते. रिसीव्हरने हा विक्रम मागे टाकला, याचे मोल म्हणूनच अधिक. २००८ मध्ये त्यांनी ॲलन पिट्स यांचा १४,८९१ यार्डांचा विक्रमही ओलांडला आणि ८५४ झेल व १५,१५३ यार्डांवर कारकीर्द थांबवली. यार्डांचा हा विक्रम २०१२ मध्ये जेरॉय सायमन यांनी मोडला, जे १९९९ व २००० मध्ये विनिपेगमध्येच स्टीगॉल यांचे सहकारी होते. सायमन यांचे १,०२९ झेल आणि १६,३५२ यार्ड आकड्यांत मोठे आहेत. पण त्यांचे टचडाउन १०३, म्हणजे साधारण दहा झेलांमागे एक, तर स्टीगॉल यांचा जवळजवळ प्रत्येक सहावा झेल टचडाउनमध्ये संपला. रिसीव्हरची थोरवी तो प्रतिपक्षाचे किती नुकसान करतो यावर मोजायची असेल, तर स्टीगॉल यांच्याइतका भेदक रिसीव्हर या लीगने पाहिलेला नाही, असे म्हणण्यास जागा आहे.

इतके असूनही अजिंक्यपदाचा ग्रे कप त्यांना कधीच मिळाला नाही. २००१ मध्ये साखळीत १४ सामने जिंकलेला विनिपेग संघ माँट्रियल येथील अंतिम सामन्यात केवळ आठ विजय मिळवून आलेल्या कॅल्गरीकडून १९–२७ असा हरला. २००७ ची हार अधिक जिव्हारी लागणारी होती. पूर्व विभागाच्या अंतिम सामन्यात ग्लेन यांचा हात मोडला आणि टोरांटोतील ग्रे कपसाठी रायन डिनविडी या नवख्या क्वार्टरबॅकला उतरावे लागले. कॅनेडियन लीगमध्ये सुरुवातीपासून खेळण्याची ती त्याची पहिलीच वेळ. सस्कॅचवनच्या जेम्स जॉन्सन यांनी त्याच्या तीन फेकी मध्येच पकडल्या आणि विनिपेग १९–२३ असे हरले. विनिपेगने १९९० नंतर ग्रे कप पुन्हा जिंकला तो थेट २०१९ मध्ये, आणि स्टीगॉल यांची चौदाही वर्षे या दुष्काळातच सरली.

निवृत्तीनंतर ते टीएसएन या क्रीडावाहिनीवर समालोचक-विश्लेषक झाले. २०१२ मध्ये त्यांचा कॅनेडियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला. विनिपेगचे जुने स्टेडियम जेथे होते, त्या पोलो पार्क परिसरातील एका रस्त्याला मिल्ट स्टीगॉल ड्राइव्ह असे नाव आहे.