‘मेक रिलीज’ आणि ‘रिलीज.एसएच’: फ्रीबीएसडीची इमेज नेमकी कशातून बनते?

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सोर्समधल्या ‘रिलीज’ फोल्डरमधून ‘मेक रिलीज’ ही कमांड द्या, नाहीतर तिथलीच ‘रिलीज.एसएच’ स्क्रिप्ट चालवा; शेवटी दिसतात त्याच फाइल्स: बेस.टीएक्सझेड आणि कर्नल.टीएक्सझेड या दाबलेल्या फाइल्स, डिस्क१ची आयएसओ, मेमस्टिकची (यूएसबीची) इमेज. म्हणूनच घोळ होतो.

‘मेक रिलीज’चं मुख्य काम पॅकिंगचं. त्याआधी ‘बिल्डवर्ल्ड’ (कर्नल सोडून बाकी सिस्टीम, म्हणजे ‘वर्ल्ड’, बनवणं) आणि ‘बिल्डकर्नल’ तुम्हालाच पूर्ण करावं लागतं. तयार झालेलं सगळं ते बांधतं, मग ‘मेक इन्स्टॉल’ला डेस्टडिर, म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये ते, देऊन फाइल्स हव्या तिथे काढून घ्यायच्या. मशीनवर जे असेल तेच इमेजमध्ये जातं, आणि खरी गोम इथेच आहे. बिल्डच्या सेटिंग्जच्या एसआरसी.कॉन्फ फाइलमध्ये कधीतरी ‘विदाउट_ब्लूटूथ’ लिहून ठेवलं असेल, तर इमेजमधून ब्लूटूथची टूल्स गायब होतात. बिल्ड मात्र एकही एरर न देता पार पडतो. सोर्सची एसआरसी.टीएक्सझेड तर थेट सोर्स फोल्डरचाच टार, म्हणजे एकत्र बांधलेला गठ्ठा, असतो. गिटचा डेटा वगळला जातो, पण पॅच लावताना मागे राहिलेल्या .ओरिग आणि .रेज फाइल्स आत जातात.

‘रिलीज.एसएच’ रूट म्हणून चालवावी लागते. ती गिटवरून नवा सोर्स ‘/स्क्रॅच’मध्ये उतरवते, तो बिल्ड करून तिथेच क्रूट (बाकी मशीनपासून वेगळं, बंदिस्त फोल्डर) उभारते, आणि त्या क्रूटच्या आत पुन्हा बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नल, मेक रिलीज करते. म्हणजे वर्ल्ड दोनदा बनतं. वेळ आणि डिस्क दोन्हींची तयारी ठेवा. आतल्या बिल्डसाठी मेक.कॉन्फ आणि एसआरसी.कॉन्फ मुळातच डेव्ह-नल या रिकाम्या फाइलकडे वळवलेले असतात, त्यामुळे तुमच्या मशीनच्या सवयी इमेजला चिकटत नाहीत. इमेज मिळतात ‘/स्क्रॅच/आर’मध्ये.

पण तुमच्या सोर्समधले बदलही या इमेजमध्ये येत नाहीत! ते हवे असतील तर आधी कमिट करा आणि स्क्रिप्टच्या सेटिंग्जच्या रिलीज.कॉन्फ फाइलमध्ये गिटरूट आपल्या रिपॉझिटरीकडे वळवा. एसआरसीब्रँचही तिथेच लिहा, उदाहरणार्थ ‘स्टेबल/१४’. नाही लिहिली तर ‘मेन’ ब्रँच घेतली जाते. ही फाइल स्क्रिप्टला ‘-सी’ लावून द्यायची.

स्वतःचा पॅच इन्स्टॉलरसह तपासायचा असेल तर ‘मेक रिलीज’ पुरे. इमेज दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर मात्र ‘रिलीज.एसएच’च वापरा.

‘रिलीज’ म्हटलं म्हणून इमेजच्या नावात ‘रिलीज’ येत नाही, दोन्हींतही नाही. नाव ठरतं न्यूव्हर्स.एसएचमधल्या ‘रिव्हिजन’ आणि ‘ब्रँच’ या दोन ओळींवर. तसंच, बनून झालेली बेस.टीएक्सझेड हाताने बदलू नका. मॅनिफेस्ट या यादीतला एसएचए-२५६ (फाइलचा ठसा) जुळला नाही की इन्स्टॉलर ती फाइल खराब ठरवतो.

‘/स्क्रॅच’ पुसताना ‘आरएम -आरएफ’ अडतं, कारण लिबसीसारख्या फाइल्सवर बदल रोखणारा एसचेंज फ्लॅग असतो. सोर्समध्ये तो ‘एससीएचजी’ असा लिहिलेला असतो. आधी क्रूटमध्ये जोडलेलं डेव्हएफएस (डिव्हाइस फाइल्सचं फोल्डर) अनमाउंट झालंय ना ते पाहा, मग ‘सीएचफ्लॅग्ज -आर नोएससीएचजी /स्क्रॅच’ द्या आणि नंतरच पुसा.